दोन विषांची बेरीज

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी मी आमच्या अपार्टमेंटबाहेरच्या पायऱ्यांवर बसून एका अनोळखी बाईंना फोनवर कीटकनाशकांच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचून दाखवत होते. शेजारी साताऱ्याहून आलेले माझे बाबा खोकत बसले होते. फोनच्या पलीकडे अमेरिकेचं पॉयझन कंट्रोल सेंटर होतं. त्या बाईंचा पहिलाच प्रश्न होता, "काय काय वापरलंत? एकेक डबा हातात घ्या आणि घटकांची नावं वाचा."

पहिला डबा वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्या वस्तूला डबाच नव्हता. तो झुरळांसाठीचा पांढरा खडू होता. पुण्याहून येताना सामानात जागा होईना म्हणून खोका तिथेच टाकून नुसत्या कांड्या आणल्या होत्या. त्यात काय आहे, ते मला सांगता आलं नाही. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आहे. प्रयोगशाळेत लेबल नसलेल्या बाटलीला मी हातसुद्धा लावत नाही. घरात मात्र तीच मी दोन तासांत तीन प्रकारची 'औषधं' मारून मोकळी झाले होते.

कारण अर्थातच ढेकूण. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांशी बोलून बघा. नोकरी गेल्याचं सांगतील, घटस्फोटाचं सांगतील, पण घरात ढेकूण झाले हे कुणी सांगत नाही. आम्हीही सांगितलं नव्हतं. बाबांच्या दंडावर ओळीने लाल गांधी उठल्या तेव्हा घरमालकाला कळवायच्या आधी मी दुकान गाठलं. धुराचे डबे म्हणजे फॉगर आणले, एक फवारा आणला आणि वर गावाकडचा खडू होताच. बाबांना हे सगळं जरा मिळमिळीतच वाटलं. "अगं, टिक-ट्वेंटी मिळत नाही का इथे?" असं त्यांनी विचारलं.

बाबांना काही झालं नाही. मोकळ्या हवेत तासाभरात खोकला थांबला. फोनवरच्या बाईंनी कपडे बदलायला आणि हातपाय साबणाने धुवायला सांगितलं, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं विचारली आणि संध्याकाळी पुन्हा फोन करून चौकशी केली. पण त्यांचा पहिला प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. काय वापरलंत, एवढंच नाही. काय *काय* वापरलंत. एकावर दुसरं मारलं की नेमकं काय होतं, याचा मी शोध घेऊ लागले. हा प्रश्न तुमच्याही घरात कधीतरी येईल, म्हणून त्याचा इतिहास सांगते.

तीन नावं, एकच विष

आधी माझीच फजिती. ज्या दोन डब्यांची नावं मी वाचली त्यांत वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या नावांची, पण एकाच कुळातली रसायनं होती. ती पायरेथ्रॉइड्स. झुरळांच्या खडूतही बहुतेक वेळा हेच कूळ असतं. म्हणजे मला वाटलं होतं मी ढेकणांवर तीन बाजूंनी हल्ला करते आहे. प्रत्यक्षात एकाच औषधाचा तिप्पट डोस दिला होता, आणि तो ढेकणांपेक्षा आम्हालाच जास्त.

या कुळाचं मूळ एका फुलात आहे. शेवंतीच्या जवळच्या नात्यातलं पायरेथ्रमचं फूल वाळवून केलेली पूड एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत किडे मारायला विकली जाई. १९२३ साली अमेरिकेत 'फ्लिट' बाजारात आलं. ते हातपंपाने फवारायचं खनिज तेल होतं आणि त्यात पायरेथ्रम असे. ते इतकं पसरलं की आपल्याकडे 'फ्लिट मारणे' हे क्रियापद झालं आणि डबा कुठल्याही कंपनीचा असला तरी पंप फ्लिटचाच राहिला. १९४९ साली पहिलं कृत्रिम पायरेथ्रॉइड, अ‍ॅलेथ्रिन, तयार झालं. पुढे ते डासांच्या कॉइलमधून घरोघर पोचलं.

मधल्या काळात डीडीटी येऊन गेलं होतं. त्याचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ साली ओळखला आणि त्यासाठी त्यांना १९४८ चं नोबेल मिळालं. पण नोबेलच्या आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये, हवाईतल्या पर्ल हार्बरच्या बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड दोन्ही कीटकाच्या मज्जातंतूतल्या एकाच ठिकाणी, सोडियमच्या दारावर, घाव घालतात. ज्या ढेकणांनी डीडीटीसाठी ते दार बदलून घेतलं, त्यांच्या वंशजांना पायरेथ्रॉइडही फारसं बाधत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ढेकूण अमेरिकेत परतले ते अशी तयारी करूनच.

फॉगरची गोष्ट तर आणखी पुढची. आमच्याच कोलंबस शहरातल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की दुकानात मिळणाऱ्या फॉगरचा रहिवासी घरांतून आणलेल्या ढेकणांवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. धूर वरून खाली बसतो, ढेकूण गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यात असतो. औषध पोचतं ते ओट्यावर, उशीवर आणि आपल्या फुफ्फुसात.

तिळाच्या तेलाचं पेटंट

आता खरोखर वेगवेगळी दोन रसायनं एकत्र आली तर काय होतं ते पाहू. इथे आपल्या ओळखीचा एक पदार्थ येतो.

पायरेथ्रम महाग होतं आणि त्यात एक खोट होती. माशी पटकन खाली पडायची आणि थोड्या वेळाने उठून उडून जायची, कारण तिच्या शरीरातली विकरं त्या विषाची मोडतोड करून टाकत. १९४० साली अमेरिकेत एक पेटंट दिलं गेलं: पायरेथ्रमच्या फवाऱ्यात तिळाचं तेल घातलं तर मेलेल्या माश्यांची संख्या खूप वाढते. इतर तेलांनी हे होत नव्हतं. दोनेक वर्षांत अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी तिळातला कामाचा घटक शोधला, तो सिसॅमिन. त्याच धर्तीचा रेणू पुढे कारखान्यात बनवला गेला. त्याचं नाव पिपेरोनिल ब्युटॉक्साइड, थोडक्यात पीबीओ. तुमच्या घरातला फवारा उलटा करून पाहा, बऱ्याच डब्यांवर हे नाव सापडेल.

गंमत अशी की संक्रांतीचा तीळ किंवा फवाऱ्यातला पीबीओ स्वतः माशीला जवळपास काहीच करत नाही. तो फक्त विष मोडणाऱ्या विकरांना अडवतो. चोर घरात शिरला आहे आणि कुणीतरी पहारेकऱ्याचे हात धरून ठेवले आहेत, असा प्रकार. पहिल्या विषाची थोडी मात्राही मग पुरी पडते.

हे वाचून तुम्हाला वाटेल, मग मिसळणं चांगलंच की! कारखान्यात, प्रमाण ठरवून आणि तयार मिश्रणाची चाचणी घेऊन केलं तर हो. पण पहारेकरी फक्त माशीच्याच शरीरात नसतात. तुमच्या-माझ्या यकृतातही असतात.

१९५७: कुत्र्यांवरचा प्रयोग

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑर्गॅनोफॉस्फेट या कुळातली कीटकनाशकं आली. ती मज्जातंतूंमधलं कोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात. त्यातलं मॅलॅथिऑन त्यातल्या त्यात सौम्य म्हणून ओळखलं गेलं, भारतातही हिवतापाच्या फवारणीत वापरलं गेलं. त्याच्या सौम्यपणाचं कारण आपल्या शरीरात आहे. सस्तन प्राण्यांच्या यकृतातली कार्बॉक्सिलएस्टरेज नावाची विकरं मॅलॅथिऑनचे झटपट तुकडे करतात. कीटकांकडे ही सोय सहसा तोकडी असते, म्हणून तो मरतो आणि आपण वाचतो.

१९५७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या, म्हणजे एफडीएतल्या, जॉन फ्रॉली आणि सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी मॅलॅथिऑन आणि ईपीएन नावाचं दुसरं ऑर्गॅनोफॉस्फेट एकाच वेळी प्राण्यांना दिलं. दोघांच्या विषारीपणाची बेरीज केली तर जेवढा परिणाम अपेक्षित होता, त्यापेक्षा तो उंदरांत सुमारे १० पट आणि कुत्र्यांत सुमारे ५० पट निघाला. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठातल्या शेल्डन मर्फी आणि केनेथ ड्युबॉइस यांच्या कामातून कारण उलगडलं. ईपीएन यकृतातल्या त्या विकरांनाच जखडून ठेवतं. मॅलॅथिऑनला मोडणारं मग कुणी उरत नाही आणि सौम्य विष जहाल होतं.

तिळाच्या तेलाने माशीचं जे केलं, तेच ईपीएनने कुत्र्याचं केलं. पहिली गोष्ट शोध म्हणून पेटंटमध्ये नोंदली गेली, दुसरी धोका म्हणून. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती एकच गोष्ट आहे.

त्यानंतर काही वर्षं एफडीए प्रत्येक नव्या ऑर्गॅनोफॉस्फेटची जुन्यांशी जोडी लावून चाचणी मागत असे. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये ही गोष्ट सामान्य वाचकापर्यंत नेली. पण बाजारात रसायनं वाढत गेली तशा जोड्यांची संख्या आवाक्याबाहेर गेली. १० रसायनांच्या ४५ जोड्या होतात आणि १०० रसायनांच्या ४,९५०. दुकानातल्या प्रत्येक डब्याची दुसऱ्या प्रत्येक डब्याबरोबर चाचणी झाली असेल, असं गृहीत धरू नका. ते शक्यच नाही.

डब्यातच झालेली भेसळ, आणि यवतमाळ

दोन विषं एकत्र यायला दोन डबे लागतातच असंही नाही. १९७६ च्या उन्हाळ्यात पाकिस्तानच्या हिवताप निर्मूलन मोहिमेत सुमारे ७,५०० कामगार मॅलॅथिऑनची फवारणी करत होते. त्यांतल्या सुमारे २,८०० जणांना विषबाधा झाली, किमान पाच जण दगावले. चौकशीत कळलं की काही मालात आयसोमॅलॅथिऑन हा घटक जास्त होता. पावडर गरम हवेत साठवली की मॅलॅथिऑनपासूनच तो तयार होतो आणि त्याचा परिणाम ईपीएनसारखाच: यकृताची विकरं बंद. त्यात अंगावर सांडलेली पावडर, उघडे हात. डीडीटी हाताळायची जुनी सवय या कामगारांना इथे महागात पडली. गच्चीवरच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत पडून राहिलेला जुना डबा पुन्हा वापरायच्या आधी हा उन्हाळा आठवा.

आणि आपलं यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर तिथे विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. कारणं अनेक होती. उंच वाढलेलं कापसाचं पीक, बॅटरीवरचे पंप, उघडं अंग, आणि एका टाकीत दोन-तीन औषधं मिसळून मारण्याची सवय. त्यानंतर राज्य सरकारने विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर काही काळ बंदी घातली. त्यांतली दोन तयार मिश्रणं होती. एकात प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट आणि सायपरमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड होतं. ही जोडी लक्षात ठेवा, कारण पायरेथ्रॉइड मोडण्याच्या कामातही कार्बॉक्सिलएस्टरेज विकरांचा वाटा असतो आणि ऑर्गॅनोफॉस्फेट त्यांनाच अडवतं. पुन्हा तेच.

यवतमाळची गोष्ट शेतातली आहे, घरातली नाही, असं म्हणाल. पण शेतातलं औषध घरात यायला वेळ लागत नाही. आमच्या ओहायोतल्या लोरेन काउंटीत १९९४ साली उघडकीला आलं की परवाना नसलेल्या माणसाने मिथाइल पॅराथिऑन, म्हणजे फक्त शेतासाठी असलेलं जहाल ऑर्गॅनोफॉस्फेट, झुरळं मारायला शेकडो घरांत फवारलं होतं. दोन वर्षांनी मिसिसिपीतही तेच झालं. त्या घरांतल्या लोकांना हे नाव ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की या माणसाचं औषध जोरदार आहे.

आपणही कीटकनाशकाला 'औषध'च म्हणतो. औषध मारलं, औषध घातलं. हा शब्द गोड आहे आणि घातकही. औषध म्हटलं की वाटतं, एकाने गुण आला नाही तर दुसरं देऊ, दोन्ही दिली तर लवकर बरं वाटेल.

नऊ डबे

२०११ साली अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने ढेकणांच्या औषधांमुळे आजारी पडलेल्यांचा अहवाल काढला. २००३ ते २०१० या काळात सात राज्यांत मिळून १११ जणांची नोंद होती. बहुतेकांचा त्रास सौम्य होता आणि बहुतेक प्रकरणांत पायरेथ्रॉइड किंवा पायरेथ्रिन होतं. एक मृत्यू होता. नॉर्थ कॅरोलायनातली एक वयस्कर स्त्री, आधीच अनेक आजार, दहा तरी औषधं चालू. घरात दोन फवारे मारले गेले, त्यांतला एकही ढेकणांसाठी नव्हता. त्याच दिवशी फॉगरचे नऊ डबे. दोन दिवसांनी पुन्हा फवारा आणि पुन्हा नऊ डबे. खिडक्या लेबलवर सांगितल्याप्रमाणे उघडल्या गेल्या नाहीत. तिने ढेकणांचं औषध केसांना आणि अंगालाही लावलं होतं.

हे वाचताना मी दोनदा थांबले. या घरात कुणी वेडं नव्हतं, निष्काळजीही नव्हतं. रात्ररात्र झोप नसलेली माणसं होती. माझ्याकडे तीन डबे होते, नऊ नव्हते. पण बाबांच्याही उशाशी गोळ्यांची पेटी होती.

सरकारच्या पातळीवरही हाच पेच होता. २००९ साली ओहायो राज्याने प्रोपॉक्सर हे जुनं, जोरदार रसायन घरांत वापरायची खास परवानगी मागितली. लोक ढेकणांनी खरोखरच जेरीला आले होते. पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०१० मध्ये नकार दिला. घरात लहान मुलं असतात, हे त्यातलं मुख्य कारण होतं. तेव्हा अनेकांना तो निर्णय निष्ठुर वाटला. मलाही कदाचित वाटला असता, त्या शनिवारच्या आधी.

मग करायचं काय?

स्वतः मिसळायचं नाही, एवढा एक नियम पाळलात तरी पुष्कळ आहे. एका बाटलीत नाही आणि एकाच खोलीत एकाच दिवशीही नाही. दोन घटकांचं तयार मिश्रण मिळत असेल आणि लेबलवर ढेकणांचं नाव असेल तर ते चालतं, कारण त्या मिश्रणाचीच तीव्र विषारीपणाची चाचणी झालेली असते. तुमच्या मिश्रणाची झालेली नसते. अमेरिकेत लेबल हा सल्ला नसून कायदा आहे. त्याविरुद्ध वापर हा गुन्हा ठरतो. विकत घेण्याआधी घटकांची नावं वाचा. नावांच्या शेवटी 'थ्रिन' असेल तर ती बहुधा एकाच कुळातली भावंडं आहेत. एक हरलं तर दुसरंही हरण्याची शक्यता मोठी.

काही जोड्या विषारी नसल्या तरी एकमेकींचं काम बिघडवतात. झुरळांसाठी जेल लावली असेल तर तिच्यावर फवारा मारू नका. वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. फटींमध्ये सिलिकाची किंवा डायटमची पूड घातली असेल तर ती ओली होऊ देऊ नका. ही पूड कीटकाच्या अंगावरचं मेण शोषून त्याला सुकवून मारते, आणि ओली झाली की तिचे गोळे होतात. गादीवर स्पिरिट शिंपडणं तर विसराच, त्यातून घरं पेटली आहेत. फॉगरमधला वायूही गॅसच्या ज्योतीवर भडकतो. आणि माझ्यासारखे खडू भारतातून आणू नका. असे खडू अमेरिकेत बेकायदा आहेत, आणि लहान मुलांना ते पाटीवरचेच वाटतात.

जिथे विषं जोडायची नाहीत तिथे उष्णता बेलाशक जोडा. ५० अंश सेल्सियसला ढेकूण टिकत नाही. ड्रायरमध्ये कपडे, चादरी अर्धा तास जास्तीत जास्त तापमानावर फिरवा. गादीला बंद चेनची खोळ घाला. शिवणी व्हॅक्यूम करा आणि पिशवी बांधून लगेच बाहेर टाका. घरमालकाला पहिल्याच दिवशी कळवा. परवानाधारक माणूस येईल तेव्हा आधी काय काय मारलं आहे ते त्याला खरंखरं सांगा, लाजू नका. त्याचं पुढचं औषध त्यावर ठरतं. आणि चूक झालीच तर घर मोकळं करून बाहेर या आणि १-८००-२२२-१२२२ वर फोन करा. अमेरिकेत हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालू असतो. डबे हाताशी ठेवा, पहिला प्रश्न कुठला असेल ते आता तुम्हाला माहीत आहे. कुणाला श्वास लागला असेल, झटके येत असतील, शुद्ध हरपत असेल तर मात्र थेट ९११.

आमच्याकडे घरमालकाने पाठवलेल्या माणसाने खोली तापवून ढेकूण काढले. जाताना त्याने पलंगाच्या पायांखाली प्लास्टिकच्या गुळगुळीत वाट्या ठेवल्या. ढेकूण त्यात उतरला की त्याला वर चढता येत नाही. बाबा त्या वाट्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझी आजी मुंग्यांसाठी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची. आम्ही तिला हसायचो आणि फ्लिट मारायचो."

वाट्या अजून तिथेच आहेत. दर रविवारी मी टॉर्च घेऊन त्या तपासते. सहा महिने झाले, रिकाम्या आहेत.